खोडरबराला न जुमानणारी पेन्सिल

रंगद्रव्य बांधून ठेवण्यासाठी जिच्या शिशात मेणापेक्षा तेलाचा वाटा जास्त असतो, ती तेलाधारित पेन्सिल. दिसायला ती शाळेच्या दप्तरातल्या रंगीत पेन्सिलीसारखीच असते: लाकडी आवरण, आत साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचे शिसे, बाहेर रंगाचा क्रमांक. नावात तेल असले तरी तिने बोटे तेलकट होत नाहीत आणि कागदावर भज्यांच्या पुडीसारखा डागही पडत नाही. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये चित्रकलेच्या तासाला वापरले जाणारे ऑइल पेस्टल, म्हणजे तेलखडू, हे तिचे दूरचे नातेवाईक. तेलखडू मऊ असतो, बोटाने पसरतो आणि कधीच पुरता वाळत नाही. जपानच्या साकुरा कंपनीने १९२५ मध्ये तो मुलांसाठी बाजारात आणला. पुढे १९४९ मध्ये पॅरिसच्या सेनेलिए या रंगवाल्यांनी पिकासोसाठी त्याची कलावंतांच्या दर्जाची आवृत्ती केली. तेलाधारित पेन्सिल याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. ती टणक आहे, टोक धरते आणि कागदावर जिथे ठेवली तिथेच राहते.

हा स्वभाव तिच्या घडणीतून येतो. साध्या शिसपेन्सिलीत ग्राफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण सुमारे हजार अंश सेल्सिअसला भाजतात. निकोलस-जाक काँते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि एचबी, टूबी, सिक्सबी या पायऱ्या माती-ग्राफाइटच्या प्रमाणावरच उभ्या आहेत. रंगीत शिसे मात्र भट्टीत घालता येत नाही, कारण बहुतेक रंगद्रव्ये त्या आचेत जळून किंवा बदलून जातील. म्हणून रंगद्रव्य, पांढरी केओलिन माती, सेल्युलोजपासून केलेला डिंक आणि तेल किंवा मेण हे सगळे एकत्र मळतात, शेवयांच्या साच्यातून काढावे तसे बारीक छिद्रातून दाबून काढतात आणि मंद उष्णतेवर वाळवतात. भाजलेले नसल्यामुळे हे शिसे ग्राफाइटपेक्षा ठिसूळ राहते. पेन्सिल फरशीवर पडली की बाहेरून काही दिसत नाही, पण आत शिशाचे तुकडे झालेले असतात आणि मग शार्पनरमध्ये टोक सारखे निखळत राहते. दोष शार्पनरला दिला जातो.

रंगीत पेन्सिलीचा इतिहास तेलापासूनच सुरू होतो, हे फारसे ठाऊक नसते. न्यूरेंबर्गच्या योहान सेबास्टियन श्टेटलर याने १८३४ मध्ये तेलखडूचे शिसे घातलेली पेन्सिल तयार केली आणि पुढच्याच वर्षी स्वतःचा कारखाना काढला. त्याच परिसरातल्या फाबर-कास्टेलने १९०८ मध्ये कलावंतांसाठी 'पॉलिक्रोमोस' ही मालिका ६० रंगांत आणली. आज तिच्यात १२० रंग आहेत आणि तेलाधारित पेन्सिलीचा विषय निघाला की पहिले नाव तिचेच येते. जर्मनीच्या लायराची 'रेम्ब्रांट पॉलिकलर', चेक कंपनी कोह-इ-नूरची 'पॉलिकलर', स्वित्झर्लंडच्या कारान दाशची 'पाब्लो' आणि इंग्लंडच्या डरवेंटची 'लाइटफास्ट' ही आणखी काही नावे. लायराची मालकी आता फिला या इटालियन उद्योगसमूहाकडे आहे. पालघर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे उंबरगावात पेन्सिली बनवणाऱ्या डोम्समध्येही याच फिलाची भागीदारी आहे. दोन्ही पेन्सिलींचे घराणे असे एक झाले असले तरी गुण वेगळेच आहेत. मराठी घरांत पोहोचलेल्या रंगीत पेन्सिली बहुतेक मेणाधारित असतात, मग त्या डोम्सच्या असोत, १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी गिरगावात सुरू केलेल्या कॅमलिनच्या असोत, की १९५८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या, नटराज आणि अप्सरा बनवणाऱ्या हिंदुस्थान पेन्सिल्सच्या. शाळकरी मुलांसाठी त्या योग्यच आहेत. स्वस्त असतात, चटकन रंग देतात आणि हरवल्या तर घरात रडारड होत नाही.

मेण आणि तेल यांतला फरक कागदावर दिसतो. मेणाची पेन्सिल मऊ आणि सरकती असते, थोड्या दाबात भरगच्च रंग देते, पण तिचे टोक लवकर बोथट होते. शिवाय जाड थर दिल्यावर काही आठवड्यांनी त्यावर पांढुरकी साय धरते. रंगातले मेण हळूहळू वर येऊन पृष्ठभागावर बसते, त्याची ही साय. गडद निळ्या आणि काळ्या भागांवर ती विशेष खुपते. मऊ कापडाने पुसली तर जाते, पुन्हाही येते. तेलाधारित पेन्सिलीवर ती येत नाही, आणि चित्रकारांनी तिच्याकडे वळण्याचे हे एक मोठे कारण आहे. एक सावधगिरी मात्र हवी. कंपन्या आपली कृती गुपित ठेवतात आणि बहुतेक शिशांत तेल-मेण दोन्ही असतात. त्यामुळे डबीवरच्या शब्दापेक्षा घरची परीक्षा भरवशाची. जाड कागदावर सर्वांत गडद रंगाचा चौकोन जोर देऊन भरावा, त्यावर तारीख टाकावी आणि महिना-दोन महिन्यांनी तिरक्या उजेडात पाहावा. साय धरली असेल तर नाव काहीही असो, पेन्सिल मेणाची आहे.

रंग बाजूला ठेवून नुसते रेखाटन करायचे असेल तर काळ्या तेलाधारित पेन्सिलीला तोड नाही. ग्राफाइटचे कण चपट्या पत्र्यांसारखे असतात. दाबून घासले की ते कागदावर आडवे झोपतात आणि आरशासारखा उजेड परतवतात. म्हणून सिक्सबी किंवा एटबीने केलेली गडद सावली एका बाजूने पाहिली तर चंदेरी चमकते आणि चित्रातला सर्वांत काळा भाग राखाडी दिसतो. छायाचित्र काढताना तर ही चमक हमखास आड येते. कोळशाची कांडी खोल काळा रंग देते, पण ती भुरभुरते, बाहीला लागते आणि फिक्सेटिव्ह फवारल्याशिवाय टिकत नाही. तेलाधारित काळी पेन्सिल या दोन्हींच्या मधली वाट काढते. तिचा काळा रंग कोळशाच्या जवळ जाणारा, बिनचमकीचा असतो आणि रेघ शिसपेन्सिलीइतकी नेमकी येते. ऑस्ट्रियाच्या क्रेटाकलरची 'नेरो' ही पेन्सिल अतिमऊपासून अतिकठीणपर्यंत पाच प्रतींत मिळते. फाबर-कास्टेलच्या 'पिट' मालिकेतही तेलाधारित काळ्या पेन्सिली मऊ, मध्यम आणि कठीण अशा आहेत. नवशिक्याने एकच घ्यायची तर मध्यम घ्यावी. अतिमऊ पेन्सिलीचा काळा रंग मोह पाडतो, पण तिचे टोक पाच-सहा रेघांत जाते.

याच कुळात तांबूस रंगाची सँग्विन आणि तपकिरी सेपिया येते. सँग्विनचा तांबडा म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा, आपल्याकडच्या गेरूचा रंग. अजिंठ्याच्या भिंतींवरची रेखाटने गेरूनेच केलेली आहेत आणि युरोपात लिओनार्दोच्या काळी तांबड्या खडूने शरीराचे अभ्यास होत. हे रंगद्रव्य उन्हाला जवळजवळ दाद देत नाही. करड्या किंवा बदामी कागदावर काळी, तांबडी आणि पांढरी अशा तीन पेन्सिलींनी चेहरा रेखाटण्याची जुनी रीत आहे. तिच्यात मधल्या छटेचे काम कागदच करतो. काळ्याने सावली, तांबड्याने रक्ताची ऊब आणि पांढऱ्याने नाकाच्या शेंड्यावरचा, कपाळावरचा उजेड दाखवतात. पांढरे आणि काळे एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, कारण मिसळले की राखेचा रंग येतो आणि चेहरा आजारी दिसू लागतो. सरावासाठी वह्यांना घालतात तो खाकी कागद चालतो. पण त्यातल्या आम्लामुळे तो काही वर्षांत कडक होऊन तुटतो, म्हणून ठेवायचे चित्र त्यावर काढू नये.

या पेन्सिलीची खरी अट खोडण्याबाबत आहे. ग्राफाइट कागदाच्या पृष्ठावर बसते आणि रबराला चिकटून उठते. तेलात बांधलेले रंगद्रव्य कागदाच्या तंतूंत धरून राहते. साध्या खोडरबराने घासले तर अर्धे उठते, उरलेले पसरून डाग होतो आणि कागदाची लव निघते. त्या जागी नंतर रंग नीट बसत नाही. हलक्या हाताने दिलेला थर मळता येणाऱ्या मऊ रबराने टिपून थोडा फिका होतो. सेलोटेपचा तुकडा रंगावर अलगद टेकवून उचलला तरी वरचा थर येतो. बारीक ठिकाणी ब्लेडच्या टोकाने खरवडता येते. यापलीकडे दुरुस्ती नाही. म्हणून या माध्यमात काम करणारा माणूस रेघ ओढण्याआधी बघतो जास्त. पहिली रेघ जेमतेम दिसेल इतकी हलकी घेतो, ती खात्रीची वाटली तरच दुसरी तिच्यावर चढवतो. चुकलेली रेघ पुसण्याऐवजी शेजारी बरोबर रेघ येते आणि चुकलेली सावलीत विरून जाते किंवा तशीच राहते. चांगल्या रेखाटनात अशा शोधक रेघा दिसतात आणि त्या खटकत नाहीत. शाळेत खोडरबर हाताशी ठेवूनच चित्र काढायची सवय लागलेली असते. ती मोडायला ही पेन्सिल शिक्षकापेक्षा कडक आहे.

घराबाहेरच्या रेखाटनात हीच कडकपणाची बाजू सोयीची होते. कुर्ला स्थानक त्यासाठी उत्तम जागा आहे. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने इथवर आली. आज मध्य आणि हार्बर या दोन मार्गांची गर्दी या स्थानकात एकमेकींत मिसळते. बाकावर मांडी टेकायलाही जागा मिळेल याची खात्री नसते. तिथे पाण्याची वाटी, रंगांची पेटी, कोळशाची धूळ यांतले काहीच परवडत नाही. खिशात एक काळी पेन्सिल आणि तळहाताहून थोडी मोठी वही पुरते. आधी हलत नाहीत त्या गोष्टी घ्याव्यात: छपराचे लोखंडी खांब, पादचारी पुलाचा जिना, इंडिकेटरची चौकट. या उभ्या-आडव्या रेघांनी कागदावर सांगाडा तयार होतो आणि माणसांची उंची ठरवायला माप मिळते. डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ मनाशी धरली की उभ्या माणसांची डोकी, जवळची असोत वा लांबची, साधारण तिच्यावरच येतात. माणसे मात्र थांबत नाहीत. गाडी येईपर्यंत जेवढे हाती लागेल तेवढेच घ्यायचे: एका पायावर टाकलेला भार, पाठीवरून पुढे घेतलेली बॅग, वर पाहणाऱ्या मानेचा कोन. गाडी आली की चित्रातला माणूस निघून जातो आणि त्याचे धड दुसऱ्याच्या पायांवर पुरे करावे लागते. कुणाच्या लक्षातही येत नाही. पश्चिमेला होली क्रॉस चर्चच्या आसपासच्या जुन्या वस्तीत काम निवांत होते. उतरती छपरे, अरुंद गल्ली, वरून गेलेल्या तारा, सावलीत उभी स्कूटर असे विषय तिथे आहेत. दुपारच्या उन्हात सावल्यांच्या कडा धारदार पडतात आणि काळ्या पेन्सिलीला हवे ते मिळते.

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून मुंबईत आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. स्थानकात जाऊन माणसे रेखाटायचा तिथल्या विद्यार्थ्यांचा परिपाठ जुना. वही बंद करून लोकलच्या गर्दीत शिरले की ग्राफाइटची पाने एकमेकांवर घासून काजळी होतात. तेलाधारित रेघ तशी पसरत नाही. फार दाबून भरलेला भाग समोरच्या पानावर थोडा उमटतो, तेवढ्यापुरता मधे बटर पेपर घालावा.

आता कागद. या पेन्सिलीचा निम्मा परिणाम कागदावर अवलंबून असतो, हे नवशिके मान्य करत नाहीत आणि महागड्या पेन्सिली गुळगुळीत, पातळ कागदावर वापरून निराश होतात. कागदाला बारीक दाणा हवा. त्या दाण्याच्या खळग्यांत रंग साठतो. खळगे भरले की पुढचा थर घसरू लागतो, त्याला कितीही दाब दिला तरी. अगदी गुळगुळीत आयव्हरी शीटवर तीन-चार थरांतच हे होते. फार खडबडीत जलरंगाच्या कागदावर उलट पांढरे ठिपके भरता भरत नाहीत. मधल्या दाण्याचा, जाड कार्ट्रिज कागद बहुतेक कामांना पुरतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांपासून केलेला असा हातकागद काळ्या आणि तांबड्या पेन्सिलींना सुंदर साथ देतो, पण त्याचा पोत पानागणिक बदलतो, तेव्हा कोपऱ्यात आधी चाचणी घ्यावी.

मुंबईची हवा हा वेगळाच प्रश्न आहे. पावसाळ्यात कागद ओल पितो, फुगतो आणि तंतू सैल होतात. अशा कागदावर टोकदार पेन्सिल दाबली तर रंग बसण्याऐवजी खळी पडते आणि लव उठते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा, काम सुरू करण्याआधी पंख्याखाली मोकळा करावा. मिठी नदीकाठच्या तळमजल्यावरच्या घरांत तर कागद भिंतीला टेकवून न ठेवता उंच फळीवर आडवा ठेवलेला बरा. मे महिन्यात उलटा त्रास होतो. मेणाचे शिसे मऊ पडते आणि टोक राहत नाही. तेलाधारित शिसे तेव्हाही बऱ्यापैकी ताठ असते.

रंगात काम कसे चढते हे पितळी तांब्यावरून पाहता येईल. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये, एलिमेंटरीच्या वस्तुचित्रात आणि इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात, पिढ्यान्‌पिढ्या मांडला गेलेला हा तांब्या. बाह्यरेषा कठीण शिसपेन्सिलीने हलकी काढावी आणि रंग देण्याआधी मऊ रबराने टिपून जवळजवळ दिसेनाशी करावी. ग्राफाइट राहिले तर पिवळ्यात मिसळून तो हिरवट-मळका करते. मग पोटावरचा उजेडाचा ठिपका आणि काठावरची चकाकती रेघ कुठे आहे ते ठरवून ती जागा कोरी सोडायची. वरून पांढरा देऊन उजेड परत मिळत नाही. पहिला थर पिवळ्या मातीच्या रंगाचा, म्हणजे यलो ऑकरचा, पेन्सिल मागून धरून, टोक टेकेल इतक्याच वजनाने द्यावा. त्यावर सावलीच्या बाजूला तपकिरी, मग त्याच बाजूला थोडा जांभळा, कारण पिवळ्याची सावली काळी केली तर पितळ लोखंडासारखे दिसते. प्रत्येक थराची दिशा बदलावी: एकदा आडवा, एकदा तिरका, एकदा पोटाच्या गोलाईबरोबर. दाब वाढवायचा तो शेवटच्या थराला. पितळेचा चकचकीतपणा रंगात नसतो, गडद आणि उजळ भाग एकमेकांना अचानक भेटतात त्यात असतो. म्हणून मानेखालची गडद पट्टी धीटपणे, धारदार कडेने घ्यावी. काळ्याऐवजी गडद निळा आणि गडद तपकिरी एकावर एक चढवले तर जास्त जिवंत काळोख येतो. काठावरचे बारीक ओरखडे दाखवायचे असतील तर रिफिल संपलेल्या बॉलपेनने रंगाआधीच कागदावर खाचा पाडून ठेवाव्यात. वरून पेन्सिल फिरवली की खाचा पांढऱ्या राहतात. मांजराच्या मिशा आणि म्हाताऱ्या माणसाच्या भुवया काढायला हीच युक्ती वापरतात.

असा एक तांब्या पुरा व्हायला चार-पाच तास सहज जातात. परीक्षेच्या ठरलेल्या वेळात हे माध्यम घेऊन बसणे म्हणजे वेळेचे गणित आधीच चुकवणे आहे. तिथे तेलखडू किंवा जलरंगच बरे.

वेळ वाचवण्यासाठी काही जण रंग विरघळवतात. पाण्यात तो विरघळत नाही. टर्पेंटाईन किंवा वास नसलेला मिनरल स्पिरिट कुंचल्याने थोडासा लावला की दाण्यातले पांढरे ठिपके भरतात आणि आकाश, भिंत अशा मोठ्या जागा एकसंध होतात. वाळल्यावर वर पुन्हा पेन्सिल चालते. खिडक्या उघड्या असल्याशिवाय आणि स्वयंपाकाच्या ओट्याजवळ हे करू नये. एका खोलीच्या घरात तर नाहीच. बेबी ऑइलचा उपाय बराच सांगितला जातो, पण ते तेल उडून जात नाही, कागदात राहते आणि रंगाभोवती पारदर्शक कडा धरते. जलरंगाशी मैत्री एकाच दिशेने आहे. जलरंग वाळल्यावर त्यावर पेन्सिल छान बसते, पेन्सिलीवर जलरंग मात्र थेंब होऊन गोळा होतो. शाईचेही बरेचसे तसेच. कोळशावर तेलाधारित पेन्सिल फिरवली तर चिखल होतो.

टोक काढायला ब्लेड किंवा कटर चांगला. शिसे सेंटिमीटरभर उघडे ठेवून पॉलिश पेपरवर फिरवत घासले तर सुईसारखे टोक येते आणि तेच शिसे आडवे धरून रुंद छटाही देता येते. शार्पनर वापरायचा असेल तर पाते नवे हवे. बोथट पाते शिसे कापत नाही, पिळून तोडते.

तयार चित्राचा शत्रू ऊन आहे. काही गुलाबी आणि जांभळी रंगद्रव्ये खिडकीसमोरच्या भिंतीवर लवकर फिकी पडतात, माती आणि लोहापासूनचे रंग टिकतात. रंगीत पेन्सिलींच्या टिकाऊपणासाठी एएसटीएम डी ६९०१ हे मानक आहे आणि चांगल्या कंपन्या प्रत्येक पेन्सिलीवर तारे किंवा आकडे छापतात. विकण्यासाठी किंवा भेट देण्यासाठी चित्र करताना ते पाहूनच रंग निवडावेत. फ्रेम करताना काच चित्राला टेकू नये, मधे जाड पुठ्ठ्याची चौकट घालावी. काच चिकटून असली तर पावसाळ्यात तिच्या आतल्या बाजूला ओल धरते आणि बुरशीचे ठिपके पडतात. चित्र वहीतच ठेवायचे असेल तर दोन पानांमध्ये बटर पेपर आणि कपाटात सिलिका जेलची एखादी पुडी ठेवली की पुरे.